बटण चिखलाच्या अलीकडे दाब

चि. अनिकेत यास,


नवी स्कॉर्पिओ घेतलीस, तीही फोर-बाय-फोर, हे तुझ्या आईकडून कळलं. श्रावणात तीच घेऊन वाडीवर येणार म्हणे. जरूर ये. पण "आता कुठलाही रस्ता चालेल" असं तू म्हणालास, त्यावर चार शब्द लिहिल्याशिवाय मला राहवेना.

चारही चाकांना ताकद मिळते ती गाडी पुढे न्यायला. थांबवायला नव्हे. ब्रेक काय, तुझ्या बाबांच्या जुन्या मारुतीलाही चारही चाकांना होतेच. आणि तुला तर दोन टनांच्या आसपासचं धूड आवरायचंय. आमच्या घाटीवरचा जांभा पावसाळ्यात शेवाळतो. तिथे चढता आलं म्हणून वळताही येईल, असं धरून चालू नकोस.

माझ्या जीपला फोर-व्हील लावायचं तर खाली उतरून पुढच्या चाकांचे हब हातानं फिरवावे लागत, मग आत येऊन दांडा ओढायचा. रुतल्यावर हे करायचं म्हणजे राड्यात बसणं आलं. त्यामुळे माणूस झक मारत अलीकडेच थांबून रस्ता बघे. तुला नुसतं बटण आहे, म्हणून तू ते चाक जागच्या जागी फिरायला लागल्यावर दाबशील. तोवर चाकानं खड्डा खणलेला असतो आणि गाडीचं पोट मातीला टेकलेलं असतं.

त्या बटणावरचा फोर-हाय निसरड्या पण चालत्या रस्त्यासाठी. डांबर लागलं की काढून टाक. त्यात पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना जखडलेले असतात, आणि वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक पचवतं. कोरड्या रस्त्यावर घसरायला वाव नसतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते आणि सगळा ताण गिअरपेटीवर येतो.

फोर-लो लावायचा तर गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये. चाकावरचा जोर अडीचपटीच्या आसपास वाढतो आणि वेग तितकाच उतरतो. लोक त्याला चढासाठी समजतात. मला तो उतारावर जास्त मोलाचा वाटतो. पहिला गिअर टाक, ब्रेकवरून पाय बाजूला घे, इंजिनच गाडी धरून उतरवतं.

आता ते मड, स्नो, सँड मोड. लँड रोव्हरनं 2004 मध्ये डिस्कव्हरी 3 मध्ये अशी सोय दिली, मग सगळ्यांनीच उचलली. त्यात जादू काही नाही. स्नोमध्ये अ‍ॅक्सिलरेटर मवाळ होतो, म्हणजे चाक उगाच उसळत नाही. ओल्या गवतावरही तोच बरा. मडमध्ये चाकाला थोडं फिरू देतात, कारण फिरलं तरच टायरच्या नक्षीत भरलेली माती उडते. वाळूत तर ताकद मध्येच तोडली की गाडी बसलीच, म्हणून तिथे आणखी मोकळीक. (समुद्रावर गाडी घालून सँड मोड तपासायची हौस नको. भरती कुणाची वाट बघत नाही.)

एखादं चाक हवेत सुटलं की संगणक त्यालाच ब्रेक लावतो, म्हणजे ताकद पलीकडच्या चाकाकडे जाते. तेव्हा खालून घर्रघर्र आवाज येतो, पायाखाली थरथर जाणवते. काहीतरी मोडलं असं वाटून बहुतेक जण नेमका तेव्हाच पाय उचलतात. तू उचलू नकोस. एकसारखा, हलका दाब ठेवून क्षणभर धीर धर, पकड मिळते. इंजिन किंचाळवलंस तर मात्र नुसता चिखल उडेल.

टायर गुळगुळीत असले तर वरचं सगळं फुकट. कंपनीचे टायर हायवेचे असतात, आमच्या लाल मातीत ते लगेच भरून जातात. निघण्याआधी नक्षी बघून घे, आणि एक मजबूत दोर, फावडं नि हवा भरायचा पंप गाडीत टाक.

येताना साकवाच्या अलीकडच्या मोरीवरून पाणी वाहत असेल तर तिथेच थांब. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक एसयूव्हींनाही ओढून नेऊ शकतं, मग मोड कुठलाही असो. फोन कर, मी पलीकडून माणूस पाठवते.

तुझी,
आत्या