शिळ्या बातमीशी इमान

चाकणच्या तळेगाव चौकातली वाहतूक कोंडी ही बातमी आहे का? वृत्तवाहिनीच्या डेस्कवर याचं उत्तर ठरलेलं असतं: नाही. काल होती, आज आहे, उद्याही असणार. एखादी रुग्णवाहिका अडकली, कंटेनर उलटला किंवा मंत्री पाहणीला आले, तर त्या दिवशी कोंडी रनडाऊनमध्ये वर चढते. ओबी व्हॅन येते, दोन कामगारांचे बाईट होतात आणि संध्याकाळच्या बुलेटिनपर्यंत तिची जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतलेली असते. यात वाहिनीवर चिडण्यात अर्थ नाही. काल नव्हतं ते आज सांगायचं, हाच तिचा धर्म आहे. पण कुरुळीच्या किंवा मेदनकरवाडीच्या खोलीतून डबा घेऊन निघालेला कामगार पहिल्या पाळीचा पंच चुकू नये म्हणून रोज त्याच चौकात घड्याळाकडे बघत असतो. त्याच्यासाठी ती कोंडी रोज पहिल्यांदाच घडते.

हाच धर्म पाळणारा वृत्तनिवेदक राजकारणात उतरला की चर्चा होते ती त्याच्या निष्पक्षपणाची. इतकी वर्षं हा कुणाच्या बाजूने बोलत होता, असं लोक विचारतात आणि तो प्रश्न रास्तच आहे. मला मात्र त्याहून मोठी अडचण त्याच्या हाडीमाशी भिनलेल्या सवयीत दिसते. वर्षानुवर्षं तो विषय उचलायला आणि वेळेवर सोडायला शिकलेला असतो. कानातल्या टॉकबॅकवर ‘आवरा’ असं ऐकू आलं की पूर्ण न झालेलं वाक्यही तो सफाईने मिटवतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. सोडून देणं हे तिथे कसब आहे. लोकप्रतिनिधीचं कसब नेमकं उलटं: विषय शिळा झाला, ऐकणारे कंटाळले, आपल्यालाही कंटाळा आला, तरी तो हातातून खाली ठेवायचा नाही.

टीव्हीतून राजकारणात गेलेल्यांची वाट याच जागी फुटते. दिल्लीत आम आदमी पक्षाच्या शाझिया इल्मी २०१३मध्ये आर. के. पुरममधून अवघ्या ३२६ मतांनी हरल्या आणि २०१५च्या सुरुवातीला दुसऱ्या पक्षात गेल्या. त्याच पक्षाचे आशुतोष २०१४मध्ये चांदनी चौकातून लोकसभेला पडले आणि २०१८मध्ये त्यांनी पक्षच सोडला. गुजरातेत इसुदान गढवी हे लोकप्रिय निवेदक २०२२मध्ये आम आदमी पक्षाचा मुख्यमंत्रिपदाचा चेहरा झाले, खंभालियात हरले, पण पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होऊन तिथेच राहिले. हरल्यावर राहणं मला जिंकण्याइतकंच मोलाचं वाटतं.

महाराष्ट्रातलं जवळचं उदाहरण इम्तियाज जलील यांचं. एनडीटीव्हीसाठी वार्तांकन करणारा हा पत्रकार २०१४मध्ये एमआयएमकडून औरंगाबाद मध्यचा आमदार झाला. २०१९मध्ये त्यांनी चार वेळा खासदार राहिलेल्या चंद्रकांत खैरे यांना ४,४९२ मतांनी हरवलं. २०२४मध्ये मात्र ते लोकसभेलाही हरले आणि विधानसभेलाही. त्यांच्या शहराचा सगळ्यांत जुना प्रश्न पाण्याचा. जायकवाडीसारखं धरण जवळ असूनही नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येतं. पत्रकाराला यावर वर्षातून दोन चांगल्या बातम्या करता येतात. आमदाराला आणि खासदाराला तीच गोष्ट दर आठवड्याला दारात आलेल्या माणसाच्या तोंडून ऐकावी लागते आणि दर वेळी नव्याने उत्तर द्यावं लागतं.

आमच्या पट्ट्यात टीव्हीवरून आलेला चेहरा निवेदकाचा नाही, नटाचा आहे. पिंपरी-चिंचवड शहर लोकसभेला दोन तुकड्यांत विभागलेलं आहे. पिंपरी आणि चिंचवड मावळमध्ये जातात, तर भोसरी शिरूरमध्ये. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे तोही शिरूरमध्येच. याच मतदारसंघात जुन्नरचा शिवनेरी आहे आणि शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी. टीव्हीवर आधी शिवाजी महाराज आणि नंतर संभाजी महाराज साकारलेले नारायणगावचे डॉ. अमोल कोल्हे २०१९मध्ये इथूनच उभे राहिले. तेव्हा त्यांची संभाजी महाराजांवरची मालिका चालू होती. समोर सलग तीन वेळा निवडून आलेले शिवाजीराव आढळराव पाटील. कोल्हे जिंकले. हे यश सर्वस्वी चेहऱ्याचं होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण गावागावांत ओळख करून द्यायला जी वर्षं लागतात ती मालिकेने वाचवली, हे कुणीही मान्य करेल.

मग पाच वर्षं त्यांच्यावर एकच आरोप होत राहिला: खासदार मतदारसंघात दिसत नाहीत. आरोप खरा किती, राजकीय किती, याचा हिशेब इथे मांडत नाही. तो नेमका याच माणसाला का चिकटला, ते मला महत्त्वाचं वाटतं. जो माणूस रोज रात्री घरात दिसायचा, तो चौकात दिसला नाही की लोकांना जास्त लागतं. पडद्याने दिलेली ओळख ही उसनवारी असते आणि लोक तिची वसुली प्रत्यक्ष भेटीतच करतात. डिसेंबर २०२३मध्ये कांद्याच्या निर्यातबंदीविरुद्ध शिवनेरीपासून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा निघाला, त्यात कोल्हे पुढे होते. २०२४मध्ये ते त्याच आढळरावांविरुद्ध सव्वा लाखाहून अधिक मतांनी पुन्हा निवडून आले. त्या निवडणुकीत पक्षफुटीचा राग होता, शरद पवारांविषयीची सहानुभूती होती, कांदा होता. मालिका मात्र केव्हाच संपलेली होती.

शिळ्या प्रश्नाचं आयुष्य किती असतं ते याच मतदारसंघातल्या बैलगाडा शर्यतीवरून कळतं. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१७मध्ये राज्याने कायदा बदलला, पण मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. नऊ वर्षांचा हा प्रवास. वाहिन्यांसाठी त्यातले मोजून चार-पाच दिवस बातमीचे. बाकीच्या दिवसांत वकिलांच्या तारखा होत्या, पशुवैद्यकांचे अहवाल होते, मंत्रालयातल्या फायली होत्या आणि शर्यतीचे घाट बंद पडलेल्या गावांतली चिडचिड होती. शर्यतीच्या बाजूचे असा की विरोधातले, हे मान्य करावंच लागेल की निकाल लागला तो त्या बाकीच्या दिवसांच्या जोरावर.

स्टुडिओत निवेदक पाहुण्याला विचारतो, ‘हो की नाही, एका शब्दात सांगा.’ पाहुणा घुटमळला की ब्रेक. संसदेत हे चालत नाही. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत येतात. आपला क्रमांक लागायला सोडत लागते, नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. एवढं करून मंत्री म्हणतात, ‘बाब विचाराधीन आहे.’ टीव्हीवर हे वाक्य म्हणजे पळवाट. संसदेत मात्र अशा उत्तराची आश्वासन म्हणून नोंद होऊ शकते, ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर लक्ष ठेवायला आश्वासन समिती असते. ज्याला कंटाळा येत नाही अशा खासदारासाठी हे हत्यार आहे. तीन महिन्यांनी त्याच विषयावर पुन्हा पत्र, पुन्हा प्रश्न. कुठलीही वाहिनी हे दाखवणार नाही.

इंद्रायणीचंही तसंच. वारीच्या तोंडावर आळंदीत नदीवर फेस दिसतो, कॅमेरे घाटावर येतात, निवेदकाचा आवाज चढतो. पालखी पुढे गेली की कॅमेरेही जातात. शहराचं आणि कारखान्यांचं सांडपाणी मात्र पालखीच्या तिथीवर चालत नाही, ते बाराही महिने येतं. असे शिळे प्रश्न धरून ठेवण्यात आणखी एक अडचण आहे, तिच्यावर फार कमी बोललं जातं. निघोजे, महाळुंगे, कुरुळीच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या कंत्राटी कामगारांपैकी कितीतरी जणांचं नाव अजून लातूर, नांदेड, बुलढाण्याच्या गावच्या मतदार यादीत आहे. कोंडीत अडकतो तो, पण मत देतो दुसरीकडे. वाहिनीला तो प्रेक्षक म्हणून दिसतो, उमेदवाराला तो दिसतही नाही. ज्याला इथे मतही नाही आणि ज्याची बातमीही होत नाही, त्याचा प्रश्न धरून बसणारा माणूस मिळाला तर मी त्याला खरा प्रतिनिधी म्हणेन.

म्हणून निवेदकाने राजकारणात येऊ नये असं माझं मत नाही. उलट त्याच्याकडे एक कला असते, ती जन्माने पुढारी असलेल्यांकडे सहसा नसते. जाडजूड अहवाल अर्ध्या तासात वाचून तो त्यातला गाभा चार वाक्यांत सांगू शकतो. शिळा विषय दहाव्यांदा सांगताना लोकांचे कान पुन्हा टवकारले जातील असा सांगण्याची ताकद त्याच्यात असते. ही ताकद नव्या विषयांच्या मागे धावण्यात गेली तर तो सभागृहातही निवेदकच राहील. तळेगाव चौक, आळंदीचा घाट, देहूरोड दारूगोळा कोठाराचा रेड झोन अशा दोन-तीन जुन्या गोष्टींना त्याने ती वाहिली, तर पडद्याने त्याला जे दिलं त्याचं चीज होईल.

नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४मध्ये मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी रुपये. मंजुरीची बातमी सगळीकडे झळकली. निविदेची मुदत, भूसंपादन, सेवा रस्ते, काम चालू असतानाची पर्यायी वाहतूक, यांतल्या कशालाही तशी जागा मिळणार नाही. तेव्हा भोसरी, चाकण, खेडच्या वाचकांना माझी एक विनंती आहे. आपला खासदार कुठल्याही पक्षाचा असो, टीव्हीवरून आलेला असो की तालमीतून, दर सहा महिन्यांनी त्याला एक पत्र लिहा. त्यात नवं काही नको. या रस्त्याचं काम कुठवर आलं, एवढंच विचारा.