साक्ष आणि न्याय

वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि आता हातातला फोन ही माध्यमे सामाजिक न्यायाची पाठराखण करतात का, असे विचारले की दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले गौरवाचे असते: वृत्तपत्र हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे, त्याचा सत्तेला वचक असतो. दुसरे वैतागाचे असते: माध्यमे हा धंदा आहे, धंद्याला न्यायाशी काय कर्तव्य? दोन्ही उत्तरे मूळ प्रश्नाला बगल देतात. न्याय करणे हे न्यायालयाचे, विधिमंडळाचे आणि अंतिमतः समाजाचे काम आहे. माध्यमांकडून अपेक्षा करायची ती साक्षीची. म्हणून प्रश्न असा मांडला पाहिजे: अन्यायाची साक्ष माध्यमे कशी देतात, आणि त्यातली खरी साक्ष कोणती?

साक्षीचे सामर्थ्य किती असू शकते याची उदाहरणे आपल्या अलीकडच्या इतिहासात आहेत. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांत खटल्यावाचून वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांविषयी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लेख प्रसिद्ध झाले. आरोप सिद्ध झाला असता तर जितकी शिक्षा भोगावी लागली असती, त्याहून अधिक काळ कित्येकांनी केवळ आरोपी म्हणून कोठडीत काढला होता. त्या लेखांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. हुसैनारा खातून या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात न्यायालयाने निर्वाळा दिला की, खटला शीघ्र चालणे हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. वर्तमानपत्रातल्या मजकुराचा घटनात्मक हक्क झाला.

१९८० सालचे भागलपूरचे प्रकरण याहून बोधक आहे. तेथील पोलिसांनी तीसहून अधिक संशयितांचे डोळे फोडून त्यांत आम्ल ओतल्याचे त्याच दैनिकाने उघड केले. देश हादरला, पण खुद्द भागलपुरात अनेक नागरिक पोलिसांच्या बाजूने उभे राहिले. गुन्हेगारांना अशीच अद्दल घडली पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. येथे साक्षीची पहिली कसोटी हाती लागते. सत्तेविरुद्ध लिहायला धैर्य लागते हे खरेच. परंतु स्वतःच्या वाचकाला रुचणार नाही ते लिहायला अधिक धैर्य लागते. सत्ताधाऱ्याच्या रोषातून वृत्तपत्राला प्रतिष्ठा मिळू शकते. वाचकाचा रोष थेट खपावर येतो. सामाजिक अन्याय हा बहुधा समाजाच्या संमतीने होत असतो, आणि तो समाज म्हणजेच वाचक. जे माध्यम आपल्या वाचकाला कधीच अस्वस्थ करीत नाही, त्याने सरकारवर कितीही कोरडे ओढले तरी सामाजिक न्यायाशी त्याचा संबंध जुजबीच राहतो.

दुसरी कसोटी भाषेची आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर १९९३ साली कायद्याने बंदी आली. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरवणे हाही गुन्हा ठरवला. १९९३ नंतर गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. इतके होऊनही अशा मृत्यूची बातमी बहुधा चार ओळींची असते: गटार साफ करताना दोघांचा गुदमरून मृत्यू, दुर्घटनेबद्दल हळहळ. या वाक्यात चूक अशी काहीच नाही. मात्र त्याला कर्ता नाही. माणसे गुदमरली, त्यांना आत कोणी उतरवले, ठेका कोणाचा होता, आणि अशा कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या त्याच जातींतली माणसे का सापडतात, हे वाक्य विचारीतच नाही. ‘दुर्घटना’ हा शब्द गुन्ह्यावर पांघरूण घालतो, आणि हळहळीमुळे ते पांघरूण सभ्य दिसते. खोटे न बोलताही साक्ष अपुरी राहू शकते, ती अशी.

शब्दाची निवड ज्याच्या हाती, त्याच्या हाती साक्षीचा अर्थ असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे पुरते ठाऊक होते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिल्याचे सर्वश्रुत आहे. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. या क्रमाला अर्थ आहे. तळ्याचे पाणी ओंजळीत घेणे ही कृती होती. ती हक्काची मागणी होती की बाट लावण्याचा प्रकार, हे ठरवणारे शब्द दुसऱ्याच्या छापखान्यावर सोपवून चालणार नव्हते. अस्पृश्यांविषयी कळवळ्याने लिहिणारे संपादक त्या काळीही होते, आणि त्यांचा कळवळा खोटा होता असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि दया दुसऱ्याविषयी बोलते. न्याय त्याला बोलू देतो. मुक्याला नायक म्हणणारे ते नावच हा भेद सांगून जाते. २००२ साली चित्रकूटमध्ये सुरू झालेले ‘खबर लहरिया’ ही त्याच जाणिवेची अलीकडची खूण होय. बुंदेली बोलीतले हे पत्र ग्रामीण स्त्रियांनी चालवले, आणि त्यांतल्या अनेकजणी दलित होत्या. ज्यांच्याविषयी इतरांनी लिहायचे, त्याच लिहू लागल्या. ही साक्षीची तिसरी कसोटी.

यावर कोणी म्हणेल की हा प्रश्न आता उरलेला नाही. प्रत्येकाच्या हाती फोन आहे, प्रत्येकाला वाचा फुटली आहे. उनाची घटना या समाधानाला छेद देते. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलितांना जमावाने पकडले. त्यांतल्या तरुणांना अर्धनग्न करून वाहनाला बांधून मारण्यात आले. या मारहाणीचे चित्रीकरण पत्रकाराने लपूनछपून केलेले नव्हते. मारणाऱ्यांनीच ते अभिमानाने पसरवले. त्यांच्या दृष्टीने ती दहशतीची दवंडी होती. तेच चित्रीकरण देशभर पोहोचताच पुरावा ठरले. यंत्र तेच, दृश्य तेच. त्याची दवंडी व्हावी की साक्ष, हे पाहणाऱ्याच्या नीतीने ठरवले.

पण केवळ पाहण्याने काही बदलले नसते. त्यानंतर सुरेंद्रनगरला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर मेलेली जनावरे आणून टाकण्यात आली. हे काम यापुढे आम्ही करणार नाही, असा तो निर्धार होता. अहमदाबादहून निघालेली पदयात्रा १५ ऑगस्टला उनात पोहोचली. माध्यमांनी दाखवले ते दुःख. नकार मात्र दुःख भोगणाऱ्यांनी दिला, आणि न्यायाची वाट त्या नकाराने मोकळी केली. माध्यमांनी हे श्रेय स्वतःकडे घेऊ नये, आणि आपणही ते त्यांना देऊ नये. चित्र पाहून हळहळलेला प्रेक्षक आपण काहीतरी केले अशा समजुतीने निजतो. ही समजूत उदासीनतेहून घातक आहे, कारण उदासीन माणसाला निदान आपण काही केले नाही हे ठाऊक असते.

तेव्हा आधुनिक माध्यमे सामाजिक न्यायाची पाठराखण करतात का? स्वभावतः करीत नाहीत. जेव्हा ती वाचकाच्या सोयीविरुद्ध बोलतात, वाक्यातला हरवलेला कर्ता शोधून काढतात आणि भोगणाऱ्याच्या हाती लेखणी जाऊ देतात, तेव्हा ती न्यायाला आवश्यक अशी साक्ष देतात. त्यापुढचा मार्ग माणसांनी चालायचा आहे.

ग्रंथालयांत वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली जपून ठेवलेल्या असतात. पन्नास वर्षांनी त्या चाळणारा अभ्यासक आपण काय छापले हे तर वाचीलच. पण चार ओळींत काय उरकले, हेही मोजील. त्या चार ओळी वाचून पान उलटणाऱ्यांत आपण होतो, याचीही नोंद त्याच फायलीत असेल.