चोर पळतोय, मी धावू का?



आजचं वाचन गीतेच्या १८ व्या अध्यायातला २५ वा श्लोक. तामस कर्म कशाला म्हणायचं, हे भगवंत इथे सांगतात. पुढे काय होईल, नुकसान किती होईल, कुणाला इजा होईल आणि आपल्यात तेवढं बळ आहे का, या चार गोष्टी न बघता मोहापोटी हाती घेतलेलं काम तामस.

वाचायला सोपं वाटतं. आता हा श्लोक कामाच्या ठिकाणी नेऊन बघा. तुमच्यापैकी कितीतरी जण मॉलमध्ये, मोबाईलच्या शोरूममध्ये, मेडिकलमध्ये कामाला आहात. काही जण परदेशात शिकताय आणि रात्री पेट्रोल पंपावरच्या दुकानात गल्ला सांभाळताय. समजा, तुमच्या डोळ्यांदेखत एक जण माल उचलून दाराकडे निघालाय. धावून अडवायचं, की जाऊ द्यायचं? जाऊ दिलं तर मन खातं. ज्याचं मीठ खातो त्याच्याशी ही बेइमानी तर नाही ना?

ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, हिल्सबरो इथल्या एका मोठ्या दुकानात हेच घडलं. एक माणूस प्रेशर वॉशर ढापून निघाला होता. ऐंशी पार केलेले एक कर्मचारी त्याला हटकायला पुढे गेले. त्याने त्यांना ढकललं. ते जोरात आपटले आणि काही आठवड्यांनी गेले. तसली मशीन दुकान पुन्हा मागवू शकतं. आजोबा घरी परत येत नाहीत.

मग शास्त्र काय म्हणतं, चोराला सोडून द्या? मुळीच नाही. महाभारताच्या आदिपर्वात याच विषयावरची एक कथा आहे. चोर एका ब्राह्मणाच्या गायी पळवतात आणि तो पांडवांच्या दारात येऊन टाहो फोडतो. अर्जुनाची शस्त्रं ज्या दालनात असतात, तिथे युधिष्ठिर आणि द्रौपदी असतात. आत पाऊल टाकलं तर भावाभावांत ठरलेल्या नियमाप्रमाणे बारा वर्षांचा वनवास. अर्जुन तरी आत जातो, धनुष्य घेतो, गायी सोडवून आणतो, आणि युधिष्ठिर नको म्हणत असतानाही वनवासाला निघतो.

या कथेत मला तीन गोष्टी दिसतात. एक, एवढा अर्जुन, पण तोही रिकाम्या हाताने धावला नाही. दोन, तो ब्राह्मण स्वतः चोरांच्या अंगावर गेला नाही, आणि त्याला कुणी भित्रा म्हटलं नाही. तीन, त्याचा दावा फार रोखठोक होता. प्रजेच्या उत्पन्नाचा सहावा हिस्सा घेणारा राजा रक्षण करत नसेल, तर ते पाप राजाचं. म्हणजे ज्याने वाटा घेतला, रक्षणाचा भार त्याने उचलायचा.

हाच न्याय दुकानाला लावा. नफा ज्याचा, त्याने कॅमेरे लावावेत, विमा काढावा, रात्रपाळीला दोन माणसं ठेवावीत, शिकवून तयार केलेला रक्षक नेमावा. शिट्टी आणि काठी देऊन बारा तास उभा केलेला वॉचमन काही अर्जुन होत नाही. त्याला धनुष्य कुणी दिलंय? कायदाही असाच बोलतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५ दुसऱ्याच्या मालमत्तेचंही चोरीपासून रक्षण करायचा हक्क देतं. तो हक्क आहे, सक्ती नाही.

आता जरा अवघड बोलतो. धावणारा प्रत्येक जण शौर्याने धावत नाही. कितीदा मनात एवढंच असतं, की महिनाअखेरीला पगारातून कापतील. ३० व्या श्लोकात भगवंत म्हणतात, कुठे भ्यायचं आणि कुठे नाही, हे सात्त्विक बुद्धीला कळतं. चाकूला न भिणारा मुलगा मॅनेजरला भिऊन धावत असेल, तर त्याला निर्भय कसं म्हणणार? आणि ही भीती घालणाऱ्याचं काय? २०१९ च्या वेतन संहितेप्रमाणे असं नुकसान कापायचं तर तो माल त्या कामगाराच्या ताब्यात दिलेला हवा, त्याचाच थेट हलगर्जीपणा हवा, आणि आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. तुमच्या हाताखाली माणसं असतील तर चोरी झाल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: “तुला कुठे लागलं नाही ना?”

कुणी म्हणेल, सगळेच बघत राहिले तर म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. खरंय. म्हणूनच त्या ब्राह्मणाकडे पुन्हा बघा. तो धावला नाही, पण गप्पही बसला नाही. थेट राजाच्या दारात जाऊन ओरडला. आपणही चेहरा नीट बघून ठेवावा, गाडीचा नंबर टिपावा, ११२ ला फोन लावावा, आणि पुढे साक्षीला बोलावलं तर टाळू नये. कोर्टात उभं राहून खरं सांगायलाही छाती लागते.

चोराने सहकाऱ्यावरच हात टाकला, तर मात्र हिशोब बदलतो. तिथे मालाचा नाही, माणसाचा प्रश्न असतो, आणि तेव्हा जो पुढे होतो त्याच्यापुढे मी हात जोडतो. मालापायी धावून जखमी झालेल्यालाही “कशाला मध्ये पडलास?” म्हणून टोचू नका. त्याच्या घरी डबा पोहोचवा. भरपाईच्या अर्जासाठी त्याच्याबरोबर जा.

आजचा संकल्प छोटासाच. उद्या कामावर गेलात की सोबतच्या माणसाला एकदा विचारा: “इथे चोरी झाली तर आपण काय करायचं, हे आपल्याला कुणी सांगितलंय का?” सांगितलं नसेल, तर दोघं मिळून मालकाला विचारा. ते विचारणं हेही आपलं कर्मच.

श्रीकृष्णार्पणमस्तु.