संयम कोणी शिकवायचा? शाळेतील डिजिटल शिक्षणाचा नैतिक पाया

शाळेतील डिजिटल शिक्षणाच्या दोन बाजू आहेत. एक म्हणजे साधन वापरण्याचे कौशल्य, आणि दुसरी म्हणजे ते वापरताना मन ताब्यात ठेवण्याची शक्ती. पहिली गोष्ट मुले न शिकवता उचलतात. ग्रामीण भारतातील मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. अशा मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर सुमारे ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. दुसऱ्या बाजूचा, म्हणजे मनाच्या संयमाचा प्रश्न जुना आहे आणि भारतीय विचारपरंपरेने त्याचा खोलवर विचार केला आहे.

कठोपनिषदात शरीराला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे. त्यात घोडे मारून टाकायला सांगितलेले नाही. सारथी जागा असावा, एवढीच अपेक्षा आहे. गीतेचा दुसरा अध्याय याच्या पुढे जातो. विषयांपासून दूर राहणाऱ्याचे विषय सुटतात, पण त्यांची गोडी मागे उरते, असे निरीक्षण तिथे आहे. तिसऱ्या अध्यायात, हात आवरून मनाने विषयांचेच चिंतन करणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. परीक्षेच्या काळात फोन कपाटात कुलूपबंद केला आणि मुलाचे मन त्या कपाटापाशीच घुटमळत राहिले, तर फोन दूर झाला पण संयम आला नाही. मन आवरण्यासाठी गीता आणि पतंजलींची योगसूत्रे दोन्ही एकच जोड उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा केलेला यत्न. तो दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही.

महाराष्ट्रातील दोन गावांनी या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे दिली. कोरोनाच्या काळात ऑनलाइन वर्गांमुळे घरोघरी मुलांच्या हातात फोन गेले आणि शाळा उघडल्यावरही सवय सुटली नाही, ही दोन्हीकडची पार्श्वभूमी. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी केली. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव इथे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निराळा निर्णय झाला. रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरातले टीव्ही व मोबाइल बंद ठेवायचे असतात. मुले अभ्यासाला बसतात. मोठी माणसे वाचन करतात किंवा एकमेकांशी बोलतात.

दोन्ही निर्णयांमागची कळकळ खरी आहे, पण त्यांचा नैतिक आशय वेगळा आहे. बंदीत नियम मुलांसाठी आहे आणि तो करणारे मोठे त्यातून मोकळे आहेत. वडगावात नियम सर्वांना सारखा आहे. वारकऱ्यांची एकादशी असो वा जैनांचे ४८ मिनिटांचे सामायिक, व्रत टिकते ते बरोबरीने पाळणाऱ्यांमुळे. घरातली आजी उपवास धरते हे पाहत वाढलेल्या मुलाला उपवास समजावून सांगावा लागत नाही. फोनवरची नजर न काढता ‘फोन ठेव’ म्हणणाऱ्या वडिलांकडून मात्र मूल वेगळाच धडा घेते.

भोंगाही बाहेरचाच धाक आहे, असा आक्षेप घेता येईल आणि त्यात तथ्य आहे. पण शीलाची सुरुवात पुष्कळदा बाहेरूनच होते. प्रश्न एवढाच, की बाहेरचा नियम मुलाला कधीतरी स्वतःच्या हाती घेता येईल अशा रीतीने घातला आहे का. दीड तासाचा नियम उरलेल्या दिवसाचा निर्णय मुलावर सोडतो, म्हणून त्यात गीतेतल्या अर्थाच्या अभ्यासाला जागा आहे. संपूर्ण बंदीत निवडीची संधीच नसते आणि अठराव्या वर्षी फोन हाती येतो तेव्हा सारथ्याला सवय नसते.

संयमाचे दुसरे क्षेत्र वाणी आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाच्या कसोट्या आहेत: बोलणे कोणाला उद्विग्न न करणारे, सत्य, प्रिय आणि हिताचे असावे. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर एखाद्या मुलाचा फोटो चेष्टेसाठी फिरवताना किंवा खातरजमा न केलेला मजकूर पुढे ढकलताना याच कसोट्या लागू पडतात. समोरच्याचा पडलेला चेहरा पडद्यावर दिसत नाही, म्हणून तिथे विवेक अधिक जागा ठेवावा लागतो. योगसूत्रांतील यमांपैकी अस्तेयाचा अर्थ दुसऱ्याचे लेखन वा छायाचित्र न विचारता न उचलण्यापर्यंत पोहोचतो, तर अपरिग्रहाचा ‘लाइक’ साठवण्याची हाव ओळखण्यापर्यंत.

तरीही सारा भार मुलाच्या संयमावर टाकणे अन्यायाचे ठरेल. का, ते एका उदाहरणातून दिसते. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात मोसे नदीच्या खोऱ्यात, दासवे गावाच्या परिसरात लवासा हे नियोजित शहर उभे राहिले. तिथल्या ख्राइस्ट अभिमत विद्यापीठाच्या संकुलात विदाविज्ञान (डेटा सायन्स) शिकवले जाते. माणसांच्या वागण्याच्या नोंदींतून त्यांच्या आवडी आणि पुढची पावले ताडणे, हे या शास्त्राचे एक काम. त्याच खोऱ्यातल्या मुगाव, धामणओहोळसारख्या गावांतील मूल फोन उघडते तेव्हा त्याच्याही अशा नोंदी होऊ लागतात. एकीकडे लक्ष वेधण्याचे शास्त्र जाणणारे आणि दुसरीकडे त्याची कल्पनाही नसलेले मूल, ही विषमता केवळ उपदेशाने भरून निघत नाही. तिच्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे ज्ञान: व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप का सुरू होतो, जाहिरात नेमकी आपल्यालाच का दिसते, हे शाळेत उलगडून सांगितले पाहिजे. दुसरी म्हणजे कायदा: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या विदेसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक मानली आहे आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना, काही अपवाद वगळता, मनाई आहे.

म्हणून शाळेतील या शिक्षणाचा क्रम असा असायला हवा: आधी यंत्र कसे चालते याची समज, मग लक्ष आवरण्याचा रोजचा थोडा सराव, मग वाणीचा विवेक. त्याच्या जोडीला, अडचणीत न घाबरता मोठ्यांना सांगण्याची सवय आणि बालकांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक मुलांना माहीत असावा. या साऱ्यात शिक्षक आणि पालक यांनी तोच नियम स्वतःही पाळणे ही पूर्वअट आहे. संयम लादता येत नाही, पण सोबतीने शिकता येतो; आणि मोठी माणसे शिकायला तयार असतील तेवढाच तो मुलांपर्यंत पोहोचतो.