दांडा बदलला, तरी हत्यार तेच का?

जुनी हत्यारे ही आपल्या घराघरांतली एक अडचणीची ठेव झाली आहे. हातोडी, पटाशी, रंधा, कोयता, कुदळ अशी वाडवडिलांच्या हातची हत्यारे पोटमाळ्यावर किंवा पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळून पडलेली असतात. वाड्या विकल्या गेल्या, मुले नोकऱ्यांना लागली, सुतारकामासाठी आपण माणूस बोलावू लागलो. ही हत्यारे टाकून द्यायला मन धजत नाही आणि वापरायला ती धड राहिलेली नसतात. मग पावसाळ्यापूर्वी साफसफाई निघाली की घरात वाद होतो. एक म्हणतो, भंगारात द्या. दुसरा म्हणतो, राहू द्या, आजोबांची आहेत. तिसरा म्हणतो, घासूनपुसून नवी करू या.

वरवर पाहता हा घरगुती प्रश्न आहे. पण आपल्या आधी कष्ट करून गेलेल्यांचे आपण काय लागतो, हा त्यामागचा प्रश्न मात्र लहान नाही. म्हणून आज त्यावर थोडा विचार करू या.

दुरुस्तीचे काम तसे अवघड नाही. लोखंडावरचा गंज घासून निघतो. खरी कसोटी असते ती लाकडी मुठीची. आधी ओल्या फडक्याने वरचा मळ पुसून मूठ वाळू द्यायची. मग पॉलिश पेपर घ्यायचा, आधी 80 नंबरचा, मग 120, शेवटी 220. लाकडाच्या रेषा ज्या दिशेने गेल्या आहेत त्याच दिशेने घासायचे, आडवे घासले तर ओरखडे राहतात. नंतर पुन्हा एकदा ओले फडके फिरवले की लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात. ते वाळल्यावर हलक्या हाताने घासून काढले की मूठ पुढे हाताला खरखरीत लागत नाही. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल पुसून टाकायचे. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते लाकडातच घट्ट होते. कच्च्या तेलाला त्यासाठी कित्येक दिवस लागतात. इथे घाई उपयोगाची नाही.

आता पहिला प्रश्न. घासायचे, पण किती? जुन्या मुठीवर अंगठा टेकायच्या जागी एक खळगा पडलेला असतो. वीस-तीस वर्षे एकच हात तिथे टेकला, त्याची ती खूण. कानस लावली तर दहा मिनिटांत ती नाहीशी होते आणि मूठ दुकानातल्यासारखी दिसू लागते. तसे करावे का?

आम्हांला वाटते, इथे मळ आणि झीज यांत फरक करायला हवा. मळ साचतो तो दुर्लक्षामुळे. झीज होते ती कामामुळे. मळ काढण्यात कुणाचाही अपमान नाही. उलट आपल्याच आळसाची ती भरपाई आहे. झीज मात्र आपल्या मालकीची नाही. ती ज्याने कमावली त्याची आहे. शिवाय त्या खळग्यामुळेच मूठ हातात नीट बसते, म्हणजे ती राखण्यात व्यवहारही आहे. पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला तर मळ जातो, खळगा राहतो. तेवढ्यावर थांबावे.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. मुठीला चीर गेलेली असेल तर? लाकडाचा भुसा आणि सरस कालवून ती बुजवता येते. वर वार्निशचे दोन हात दिले की कुणाला दिसतही नाही. पण हातोडी उगारल्यावर दांडा तिथेच मोडतो आणि लोखंड उडते. ते मारणाऱ्याला लागेल असे नाही, शेजारी उभ्या असलेल्यालाही लागू शकते. चकाकी खोटे बोलू लागली की ती धोक्याची होते, आणि हे लाकडाइतकेच माणसालाही लागू आहे. चिरलेला दांडा बदललाच पाहिजे.

सैल झालेल्या दांड्याचेही असेच आहे. हातोडी किंवा कुदळ रात्रभर पाण्यात घालून ठेवायची जुनी युक्ती अनेकांना ठाऊक असेल. लाकूड फुगते आणि सकाळी दांडा घट्ट बसलेला वाटतो. पण लोखंडाच्या भोकात फुगायला जागा नसल्याने लाकूड आतल्या आत चेपले जाते, आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षाही बारीक होते. काही दिवसांत दांडा अधिकच हलू लागतो. खरा उपाय म्हणजे जुनी पाचर काढून नवी ठोकणे, नाहीतर दांडाच नवा घालणे. घरातली, भाऊबंदांतली भांडणेही आपण कितीदा अशीच पाण्यात घालून ठेवतो! सणावारापुरती सगळी घट्ट दिसतात, पुढे पुन्हा हलू लागतात.

या कामात शेजाऱ्याचा विचार आणखी दोन ठिकाणी करावा लागतो. जवसाच्या तेलात भिजलेल्या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तेल घट्ट होताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडते आणि काडी न लावताही तो पेट घेऊ शकतो. 23 फेब्रुवारी 1991 रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या उंच इमारतीला 22व्या मजल्यावर आग लागली, ती लाकूडकामाच्या पॉलिशसाठी वापरलेल्या अशाच फडक्यांमुळे. त्या आगीत अग्निशमन दलाचे तीन जवान मरण पावले. तेव्हा अशी फडकी उघड्यावर सुटी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून मगच टाकावीत. दुसरी गोष्ट रंगाची. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. रंगवलेली जुनी मूठ कोरडी घासली तर ती धूळ घरातल्या लहान मुलांच्या पोटात जाते. म्हणून ती ओली करून, नाकातोंडाला मास्क बांधून, मुलांपासून दूर घासावी. आठवण जपताना नातवंडांचे आरोग्य बिघडवणे हे काही आजोबांना आवडले नसते.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे वळू. समजा, चिरलेला दांडा काढून बाभळीचा किंवा धामणीचा नवा घातला. पुढे पाते झिजले म्हणून तेही बदलले. मग ती आजोबांची कुऱ्हाड राहिली का? हा प्रश्न फार जुना आहे. थीसियसचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले होते आणि त्याच्या कुजलेल्या फळ्या ते एकेक करून बदलत असत, असे प्लुटार्क लिहितो. ते जहाज तेच की निराळे, यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले. पुढे 1655 मध्ये थॉमस हॉब्ज या इंग्रज विचारवंताने त्यात भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते?

जपानमधल्या इसे येथील देवस्थानाने याच कोड्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले आहे. तिथे दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर मंदिर नव्याने उभारतात. 2013 साली ते 62व्यांदा उभारले गेले. लाकूड जुने नाही, पण सुतारकामाची विद्या एका पिढीच्या हातातून दुसरीच्या हातात गेलेली आहे. वीस वर्षांत ज्याने शिकायचे तो शिकतो आणि पुढच्या वेळी तोच शिकवतो.

आम्हांला या दुसऱ्या वाटेत अधिक तथ्य दिसते. वारसा म्हणजे केवळ लाकूड नव्हे. कुदळ धरायची कशी, पटाशीला धार लावायची कशी, पाचर कुठे ठोकायची, हे ज्या घरात कुणालाच येत नाही, तिथे मूळ दांडा काचेच्या कपाटात असला तरी परंपरा तुटलेलीच असते. आणि जिथे नातू नव्या दांड्याने खिळा सरळ ठोकतो, तिथे ती चालू असते.

तरीही दुसरी बाजू ऐकून घेतली पाहिजे. ज्या घरातला माणूस नुकताच गेला आहे, तिथे त्याच्या घामाने काळवंडलेली मूठ म्हणजे निव्वळ लाकूड नसते. तिच्यावर लगेच पॉलिश पेपर फिरवा, असे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. अशी मूठ तशीच राहू द्यावी. दुःखालाही वाळायला वेळ लागतो, तेलापेक्षा जास्त. बदललेला जुना दांडाही कुणाला जवळ ठेवावासा वाटला, तर त्याला हसू नये.

पण घरात कुणी वापरणारे नाही आणि कुणाची तशी आठवणही गुंतलेली नाही, अशी हत्यारे धूळ खात ठेवणे बरे नव्हे. आपल्या आसपास मजुरी करणारी, बागकाम करणारी, सुतारकाम शिकणारी माणसे आहेत. त्यांना चांगली कुदळ किंवा हातोडी उपयोगी पडेल. मात्र देण्यापूर्वी दांडा हलवून पाहावा, चीर तपासावी, पाचर नवी ठोकावी. जे हत्यार आपण आपल्या मुलाच्या हातात देणार नाही, ते गरिबाच्या हातात दान म्हणून देऊ नये. “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ” अशी आपल्याकडे म्हण आहे. त्यात बिचाऱ्या दांड्याची फार बदनामी झाली आहे. दांडा कुणाच्या हिताचा होतो आणि कुणाच्या जिवावर उठतो, हे तो धरणाऱ्यावर आणि तो देणाऱ्यावर अवलंबून असते.