मोहाचा क्षण आणि रोजचे कुरआन-पठण



मोह शत्रूच्या वेशात क्वचितच येतो. हजरत आदम (अ.) यांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, परंतु तिच्यातील एक बारकावा बहुधा निसटून जातो. सूरह अल्-आराफमध्ये (७:२१) सांगितले आहे की शैतानाने आदम आणि हव्वा यांच्यासमोर शपथ घेतली. शपथ कशाची? मी तुमचा हितचिंतक आहे, याची. त्याने झाडाच्या फळापेक्षा स्वतःचा आपलेपणा आधी विकला.

आजही तो त्याच आवाजात बोलतो. कापसासाठी १८७० साली खामगावला रेल्वे आली, इतका आपल्याकडचा बाजार जुना आहे आणि वजनकाट्याचा मोहही तितकाच जुना. काट्यावर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याच्या कानात तो म्हणतो, कडता सगळेच कापतात, तू एकट्याने सोडलास तर धंदा कसा टिकेल, लेकरांच्या शिक्षणाचे काय? मोबाइलवर पैसे लावून खेळणाऱ्या तरुणाला तो म्हणतो, कालचे गेलेले तेवढे भरून काढ आणि मग थांब. यांतील एकही वाक्य पापाचे आमंत्रण वाटत नाही. घरातल्या वडीलधाऱ्याने समजुतीने सांगावे, तसे ते वाटते. मग खरा हितचिंतक कोण आणि सोंग घेतलेला कोण, हे त्या घटकेला माणसाने ओळखायचे कशाच्या बळावर?

सूरह यूसुफ उघडून पाहा. बंद दारांचा प्रसंग तेविसाव्या आयतीत येतो. घर परके, देश परका, वय तरुण, पाहणारे कोणी नाही. त्याआधीची, म्हणजे बाविसावी आयत मात्र आपण घाईने ओलांडतो. यूसुफ (अ.) ऐन तारुण्यात आले तेव्हा अल्लाहने त्यांना निर्णयशक्ती आणि ज्ञान प्रदान केले, असे तिच्यात सांगितले आहे. क्रम लक्षात घ्या. देणगी आधी, परीक्षा नंतर. दारे बंद झाल्यावर विचार करायला, ग्रंथ चाळायला, कुणा आलिमाला विचारायला अवसर नसतो. जे आधीपासून जवळ आहे तेवढेच कामी येते.

पुढे तेहतिसाव्या आयतीत त्यांची प्रार्थना आहे. या स्त्रिया ज्याकडे बोलावतात त्यापेक्षा मला तुरुंग बरा, असे ते म्हणतात आणि पुढे जोडतात की, हे पालनकर्त्या, तू त्यांचे डाव माझ्यापासून दूर केले नाहीस तर मी त्यांच्याकडे झुकेन आणि अज्ञानी लोकांत जमा होईन. प्रेषित निष्पाप असतात अशी आपली श्रद्धा आहे. तरीही ते स्वतःच्या बळावर विसंबत नाहीत, हा एक धडा. मला अधिक विचार करायला लावतो तो त्यांचा शेवटचा शब्द. मी पापी होईन असे म्हणता आले असते. ते म्हणतात, अज्ञानी होईन. ज्याला नुकतेच ज्ञान मिळाल्याची ग्वाही स्वतः अल्लाहने दिली, तो अज्ञानाला भितो! म्हणजे हे माहिती नसण्याचे अज्ञान नव्हे. माहीत असलेली गोष्ट ऐन वेळी दिसेनाशी होणे, हे ते अज्ञान.

मराठीचा विद्यार्थी म्हणून येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या भाषेतील ‘मोह’ आणि ‘मूढ’ हे शब्द एकाच धातूतून आले आहेत. भूल पडणे, भान हरपणे हा त्याचा मूळ अर्थ. आणि अरबीतील ‘हिकमत’ ज्या मूळ अक्षरांतून येते त्यांतूनच ‘हकमा’ हा शब्द आहे. घोड्याला आवरणाऱ्या लगामाच्या भागाला तो वापरतात. शेतकरी वाचकांनी बैलाची वेसण डोळ्यांसमोर आणावी. वेसण बैलाचे बळ कमी करीत नाही, त्याला तासावर ठेवते.

भान हरपते म्हणजे नेमके काय होते? जुगार आणि मद्याविषयी सूरह अल्-बकरामध्ये (२:२१९) जे आले आहे ते पाहा. त्यांत लोकांसाठी काही लाभ आहेत हे कुरआन नाकारत नाही. मात्र त्यांचे पाप लाभापेक्षा मोठे आहे, असे बजावते. दोन्ही पारडी समोर ठेवली जातात. मोह एकच पारडे दाखवतो आणि दुसऱ्यावर हात ठेवतो. सूरह अल्-आराफमध्येच (७:२०१) ईशभय बाळगणाऱ्यांविषयी असे सांगितले आहे की शैतानाकडून एखादा विचार त्यांना स्पर्शून गेला की ते स्मरण करतात आणि तत्क्षणी त्यांना दिसू लागते. मोह त्यांनाही शिवतो, हे येथे मान्य केले आहे. परंतु स्मरण कशाचे होणार? जे मनात साठवले आहे त्याचेच. रिकाम्या कणगीत हात घालून दाणे निघत नाहीत.

आता एक अवघड प्रश्न, जो टाळणे मला योग्य वाटत नाही. रोज फज्रनंतर तिलावत करणारे आणि दुपारी मापात पाप करणारे लोक आपल्यात आहेत की नाहीत? आहेत. अलीकडे एका व्यापारी बंधूंशी बोलणे झाले. सूरह अल्-मुतफ्फिफीन त्यांना लहानपणापासून पाठ, उच्चार शुद्ध. घेताना पूर्ण मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे यांच्या सर्वनाशाचा इशारा त्या सूरहच्या आरंभीच आहे, हे त्यांना वयाच्या पन्नाशीत कळले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग विचारले, “मौलाना, ज्यांचा माल घेतला त्यांची नावे वहीत नाहीत, आता हे फेडायचे कसे?” हा प्रश्न चाळीस वर्षांच्या पठणाने पडला नव्हता, तीन आयतींच्या अर्थाने पाडला.

अर्थ न समजता केलेल्या तिलावतीलाही पुण्य आहे, हे मी नाकारत नाही. अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुहेरी मोबदला आहे, अशी हजरत आयेशा (रजि.) यांची हदीस आहे. परंतु वेसण पुण्याने लागत नाही, समजुतीने लागते. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी मुलेमुली मराठी शाळांत शिकतात. घरी दखनी बोलतात, पण उर्दू तफसीर त्यांना वाचता येत नाही. त्यांच्या हाती मराठी भाषांतर द्यायला आपण का कचरतो? अनुवाद मूळ ग्रंथाची जागा घेत नाही, हे खरे. पण कुरआन जुजदानात गुंडाळून रमजानची वाट पाहत ताकावर, फडताळावर ठेवणे हा त्यावर उपाय नव्हे.

प्रमाणाविषयी थोडेसे. अल्लाहला सर्वाधिक प्रिय कृती ती, जी थोडी असली तरी नित्य असते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. कुरआन स्मरणात ठेवणाऱ्याला त्यांनी दाव्याला बांधलेल्या उंटांच्या मालकाची उपमा दिली. लक्ष ठेवले तर उंट राहतील, सोडले तर जातील. खुद्द कुरआनही एकदम न उतरता सुमारे २३ वर्षांत उतरले, आणि त्याचे कारण हृदयाला स्थैर्य देणे असे सूरह अल्-फुरकानमध्ये (२५:३२) सांगितले आहे. रोज दहा आयती अर्थासह वाचल्या तर ६२३६ आयतींना सुमारे ६२४ दिवस, म्हणजे जवळपास पावणेदोन वर्षे लागतात. लागू द्या.

ज्यांनी अर्थासह कधीच वाचलेले नाही त्यांनी सूरह यूसुफपासून आरंभ करावा, असे मी सुचवीन. १११ आयती आहेत, कथा सलग आहे, मुलेही ऐकत बसतात. रोज पाच आयती घेतल्या तर तेविसाव्या दिवशी ती पूर्ण होते. फज्रनंतर वेचणीला किंवा दुकानाला निघण्यापूर्वी दहा मिनिटे पुरतात. अरबी एकाने वाचावे, मराठी दुसऱ्याने. शक्यतो घरातल्या शाळकरी मुलीने, कारण तिचे वाचन बहुधा सर्वांत स्पष्ट असते. आणि बाविसाव्या आयतीपाशी आलात की त्या दिवशी तेविसावी वाचण्याची घाई करू नका.