उपासाला काय चालतं?

"काल काय खाल्लंत?" माझा रिपोर्ट बघत डॉक्टरांनी विचारलं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी 8.4 आली होती.

"काल काहीच नाही. एकादशी होती."

"काहीच नाही म्हणजे?"

मग सांगावं लागलं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ नि बटाट्याची भाजी, चारला वेफर्स, रात्री उरलेली खिचडी दह्याबरोबर. शेंगदाण्याचा लाडूही होता, पण तो आपला तोंडात टाकायला. डॉक्टर हसले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते लिहीत राहिले.

सासूबाई वर्षाच्या चोवीसही एकादश्या करायच्या, अधिक महिना आला की सव्वीस. घरात त्या दिवशी एकच प्रश्न फिरायचा: उपासाला हे चालतं का? माझ्या माहेरी कोथिंबीर चालायची, इथे चालत नाही. पहिल्याच एकादशीला मी ती खिचडीवर पेरली आणि सगळं पातेलं मुलांच्या पानात गेलं. तेव्हापासून यादी मला पाठ आहे.

आता त्या यादीकडे बघितलं की गंमत वाटते. बटाटा, मिरची, शेंगदाणा, आणि साबुदाणा ज्या कंदाच्या पिठापासून करतात तो टॅपिओका, हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज जहाजं यायला लागल्यावर हळूहळू आपल्याकडे रुजले. ज्ञानेश्वरी 1290 ची. तेव्हा पंढरीची वारी होती, एकादशी होती, साबुदाण्याची खिचडी असणं शक्यच नव्हतं. बंदी धान्याला होती, हे पाहुणे धान्यात मोडत नव्हते, म्हणून सरळ आत आले. तिकडे पुरीला जगन्नाथाचा महाप्रसाद म्हणून एकादशीलाही भात खातात आणि त्यात कुणाला पाप दिसत नाही. मग उपास पदार्थात असतो की आणखी कशात?

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस आहाराचे श्लोक आहेत. मी ते वर्षानुवर्षं म्हणत आले. त्यांत एकाही पदार्थाचं नाव नाही, हे साठी उलटल्यावर लक्षात आलं. कांदा नाही, लसूण नाही. चव सांगितली आहे आणि खाणाऱ्याचं पुढे काय होतं ते सांगितलं आहे: बळ येतं, मन प्रसन्न राहतं, की दुखणं मागे लागतं. शिळं आणि उष्टं ते तामस. माझी रात्रीची खिचडी कुठे बसते ते मी इथे लिहीत नाही. सहाव्या अध्यायात तर अति खाणाऱ्याला योग साधत नाही म्हणताना मुळीच न खाणाऱ्यालाही त्याच ओळीत बसवलंय. म्हणजे निर्जळी करून मिरवायचीही सोय नाही.

हल्ली एकादशीला दुपारी एकदाच जेवते. राजगिऱ्याची एक भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, ताक. संध्याकाळी राजगिऱ्याचा घरचा लाडू, सुपारीएवढा. गूळ म्हणजे साखर नव्हे असलं काही मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी एवढाच दिलाय.

लाह्या मी घरीच फोडते. लोखंडी कढई कोरडीच चांगली तापवायची, एका वेळी एकच चमचा राजगिरा टाकायचा आणि फडक्याच्या बोळ्यानं तो भराभर फिरवायचा. तडतडून पांढरा झाला की लगेच ताटात. जरा रेंगाळलं की करपतो. दोन चमचे एकदम टाकले तर निम्मा तसाच राहतो, हे मला माहीत आहे आणि तरी दर वेळी एकदा टाकून बघतेच. वाटीभराला पाऊण तास सहज जातो. तेवढा वेळ भुकेची आठवण होत नाही. सासूबाई माळ घेऊन बसायच्या तेव्हा त्यांना असंच काही होत असेल का, असं वाटून जातं.

त्या स्वतः एकादशीला दुपारी वाटीभर वरी आणि दाण्याची आमटी खायच्या, बस्स. त्यांची यादी आम्ही उचलली, वाटी मात्र फडताळातच राहिली.

साबुदाणा अगदी सोडलेला नाही. आषाढी-कार्तिकीला करते. कढईच्या तळाशी धरलेली तांबूस, कुरकुरीत खरवड उलथन्यानं काढते आणि ओट्याशी उभ्यानंच खाते. ती कुणाला देत नाही.